मलावीतल्या दुभाष्यांचे आणि आरोग्यसेवकांचे आभार

मलावीत अपंगत्वावर संशोधन करायला येणाऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांचं काम तुमच्यामुळेच तडीला जातं. अपंगत्व मोजण्यासाठी वापरले जाणारे वॉशिंग्टन ग्रुप या आंतरराष्ट्रीय गटाचे 6 प्रश्न कागदावर सोपे दिसतात: पाहणं, ऐकणं, चालणं, लक्षात ठेवणं, स्वतःची निगा, संवाद, प्रत्येकाला 4 पर्याय. पण घरातलं दुसरंच कुणी उत्तर देऊन मोकळं होतं, ‘थोडा त्रास’ आणि ‘खूप त्रास’ यांची सरमिसळ होते. अपंग म्हणून मोजणी ‘खूप त्रास’ या उत्तरापासून सुरू होत असल्याने सगळा आकडाच चुकतो. तुम्ही मात्र त्या व्यक्तीसमोर जमिनीवर बसून चारही पर्याय चिचेवा या तिथल्या भाषेत पुन्हा सावकाश वाचता, कमी ऐकू येणाऱ्या आजींना ओठ दिसतील असं बोलता. मनापासून आभार! शोधनिबंधाच्या ऋणनिर्देशात, तुमची संमती असेल तर, तुमची नावं यायलाच हवीत.