उजव्या हाताला तू

सहकारनगर, पुणे
मंगळवार, रात्री साडेनऊ

प्रिय मंजू,

तू सुखरूप पोचल्याचा मेसेज रविवारीच आला. त्याखाली आपल्या रविवारच्या अर्ध्या मॅरेथॉनबद्दल लिहिलेली ओळ मात्र दोन दिवस मनातून जात नाहीये. "राजाराम पुलानंतरचं मला नीट आठवतच नाही गं. तू लिहून काढ, आईला वाचून दाखवायचंय." म्हणून आज जेवणं आटोपल्यावर वही घेऊन बसले. काकूंना माझा नमस्कार सांग, आणि मधला एक भाग त्यांना वाचून दाखवू नकोस. कुठला ते तुला कळेलच.

सात महिने आपण रोज पहाटे साडेपाचला फोनवर एकत्र धावलो. तू नाशिकला गंगापूर रोडवर, मी इथे तळजाईच्या टेकडीवर. पण धावताना बोलणं म्हणजे तीन शब्द आणि एक श्वास. लांबलचक सांगायचं असतं ते राहूनच जातं. शनिवारी तू समोर होतीस तेव्हाही माझ्याच्यानं ते बोलवलं नाही.

तर आधी तेच सांगते. नोव्हेंबरच्या मध्यात माझा डावा गुडघा दुखायला लागला होता. चूक माझीच. लांबचं धावणं दर आठवड्याला थोडं थोडं वाढवायचं, हे तूच मला शिकवलंस. पण पुढच्या रविवारी भाच्याचं लग्न होतं, म्हणून मी 14 किलोमीटरवरून एकदम 18 वर गेले. तळजाईचा उतार उतरताना गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला कुणीतरी अंगठ्यानं दाबून धरावं तसं झालं. फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितलं की दुखणं गुडघ्याचं नाहीच. कमरेपासून मांडीच्या बाहेरून गुडघ्याखालपर्यंत एक पट्टा येतो, तो तिथे चिडलाय, आणि कमरेच्या बाजूचे स्नायू कमकुवत असले की असं होतं. त्यांनी कुशीवर झोपून पाय वर उचलायचे व्यायाम दिले आणि दोन आठवडे धावणं बंद करायला सांगितलं.

ते मी तुला सांगितलं नाही. ते दोन आठवडे मी फोन कानाला लावून तळजाईवर भराभर चालत होते आणि तू विचारलंस की "चाललंय छान" म्हणत होते. तू एसटीचं तिकीट काढलं होतंस, सुट्टी टाकली होतीस, पोरांची सोय लावली होतीस. मी खरं बोलले तर तू ते सगळं रद्द करशील आणि मला बरंच वाटेल असं बोलशील, हे मला ठाऊक होतं. तेवढं माझ्याच्यानं सोसवलं नसतं.

शुक्रवारी रात्री वाकडेवाडीला तू एसटीतून उतरलीस तेव्हा आपण आठ महिन्यांनी भेटत होतो. तू पिशवी खाली ठेवलीस आणि पहिलं काय बघितलंस तर माझे बूट. "हेच घालणार ना रविवारी? नवे नाहीत ना?" मला इतकं भरून आलं की मी पटकन रिक्षा शोधायला वळले.

शनिवार आठवतो ना सगळा? बिब, म्हणजे छातीवर लावायचे नंबरचे कागद, घेतल्यावर मी तुला मिसळ खाऊ दिली नाही, त्याबद्दल तू अजून रुसलेली असशील. पण शर्यतीच्या आदल्या दिवशी पोटाला तिखट आणि नवं काही नको, हे आपणच ठरवलं होतं. आईंनी रात्री मूग डाळीची खिचडी आणि वर तूप असं वाढलं आणि स्वतः आपल्यासोबत बसून तेच जेवल्या. सासूबाईंनी असं काही बोलून दाखवायची पद्धत नाही. त्या रात्री मात्र झोपायला जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेल्या.

संध्याकाळी आपण डेक्कनला गेलो, ते काकूंना नक्की वाच. 1919 साली डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत खेड्यापाड्यातली मुलं लांब पल्ल्याला अनवाणी धावत होती. ते बघून जिमखान्याचे अध्यक्ष दोराबजी टाटांनी मनावर घेतलं आणि पुढच्याच वर्षी, 1920 ला, भारताचे खेळाडू अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेले. बेळगावकडचे फडेप्पा चौगुले तिथे मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. हे मी तुला कुंपणाशी उभं राहून सांगितलं तेव्हा तू बराच वेळ मैदानाकडे बघत राहिलीस आणि म्हणालीस, "आमच्या कवितालासुद्धा लांबून पाणी भरायला जावं लागायचं." कविता राऊतचं नाव तू नेहमी घरातल्या लेकीचं घ्यावं तसं घेतेस. सावरपाड्याच्या त्या मुलीनं 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरचं ब्राँझ मिळवलं, ती शर्यत तू टीव्हीसमोर उभ्याने बघितलीस आणि मग मला फोन करून रडलीस. तेव्हा आपल्या दोघींपैकी एकीनंही आयुष्यात एक किलोमीटर सलग धावून बघितलं नव्हतं.

रविवारची पहाट. टाचांना आणि काखेत व्हॅसलीन, खिशात चार खजूर आणि राजगिऱ्याची चिक्की मोडून ठेवलेली. शरीरात साठवलेली साखर दीडदोन तास पुरते, त्यापुढे खावंच लागतं, हे मी बजावून सांगितलं तेव्हा तू माझ्याच हातातला खजूर काढून तोंडात टाकलास. यांनी आपल्याला सणस मैदानाशी सोडलं. अंधार, थंडी, आणि त्या अंधारात जिकडेतिकडे पिन लावलेले पांढरे कागद.

तुला मी कधी सांगितलं होतं का? ही पुण्याची मॅरेथॉन 1983 ला सुरू झाली. लहानपणी बाबा आम्हाला डिसेंबरातल्या त्या रविवारी फूटपाथवर उभं करायचे. केनियाचे, इथिओपियाचे धावपटू समोरून जायचे आणि त्यांच्या पावलांचा आवाजच यायचा नाही. वारा गेल्यासारखं वाटायचं. बाबा टाळ्या थांबवायचे नाहीत, अगदी शेवटचा माणूस जाईपर्यंत. रविवारी त्याच रस्त्याच्या आतल्या बाजूला मी उभी होते आणि सारखी फूटपाथकडे बघत होते.

आता मला सगळ्यात जास्त जे सांगायचंय ते. वेळ मोजणारी सुरुवातीची चटई आपण एकत्र ओलांडली, सारसबागेकडे बघून गणपतीला हात जोडले, दांडेकर पूल आला, आणि तिथे मला पहिल्यांदा तुझ्या पावलांचा आवाज ऐकू आला. म्हणजे मला तो आवाज पाठ आहे. तुझं डावं पाऊल उजव्यापेक्षा जड पडतं. श्वास सोडताना तू बारीकसं "हूं" करतेस. सोमेश्वराच्या देवळाची घंटा, भुंकणारी कुत्री, या सगळ्यातून ते "हूं" मी सात महिने ओळखत आले. पण मी फोन नेहमी डाव्या कानात घालते. रविवारी तू माझ्या उजव्या हाताला होतीस. पहिले दोन किलोमीटर मला चुकल्याचुकल्यासारखं होत होतं. मी डावीकडे वळून बघायची आणि तिकडे कुणीच नसायचं. मग कधीतरी विठ्ठलवाडीच्या आसपास तो आवाज उजवीकडे नीट येऊन बसला आणि माझे हात एकदम सैल पडले. त्यानंतर आपण तासभर बोललोच नाही. आपल्या वीस वर्षांच्या मैत्रीत इतका वेळ गप्प आपण कधी राहिलो असू असं मला वाटत नाही, आणि मला एकदाही बोलावंसं वाटलं नाही.

तुला आठवत नाही म्हणालीस म्हणून लिहिते. राजाराम पुलाच्या पुढे दिव्याखाली फूटपाथवर पेपरवाले बसले होते. रविवारच्या पुरवण्या आत घालायचं काम चाललं होतं. एक म्हातारे गृहस्थ होते, कानटोपी घातलेले, अंगठा थुंकीनं ओला करून पान उचलायचे, पुरवणी सरकवायचे, घडी मारायचे. आपण समोर आलो तेव्हा त्यांनी हातातला अंक मांडीवर ठेवला आणि चार वेळा टाळी वाजवली. मग पुन्हा अंक उचलला. तू त्यांना "येतो हं काका" म्हणालीस, जशी काही आपण परत त्यांच्याच घरी जाणार होतो. परतताना ते तिथे नव्हते, नुसती सुतळी पडलेली होती. नांदेड सिटीकडून वळल्यावर एका शाळकरी मुलीनं आपल्याला मीठ लावलेली संत्र्याची फोड दिली. तिच्या हाताला लोकरीचे मोजे होते आणि ते रसानं भिजले होते. तू फोड खाल्लीस आणि तिचे मोजे पिळून दिलेस. हे तरी आठवायला हवं होतं!

आणि आता तो भाग, काकूंना न वाचायचा.

तेरा किलोमीटरला गुडघ्याशी पुन्हा तोच अंगठा दाबला गेला. परतीचा रस्ता थोडा उताराचा आहे, आणि हे दुखणं उतारावर जास्त बोलतं. पंधरापर्यंत मी दात दाबून धावले. सोळाला मी तुला म्हणाले, "तू जा पुढे." तू गेली नाहीस. मी पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदा मी ओरडले, मंजू. शेजारून जाणारे दोघे वळून बघायला लागले. "माझ्यासाठी थांबू नकोस, मला ते ओझं होतंय," असं मी तुला म्हणाले. तू सात महिने पहाटे उठून जे माझ्यासाठी केलंस त्याला मी ओझं म्हणाले. मला माफ कर. दुखत होतं म्हणून बोलले हे खरं, पण त्यापेक्षा जास्त मला माझ्या खोटेपणाची लाज वाटत होती आणि ती मी तुझ्यावर काढली.

तू रागावली नाहीस. काय झालं असंही विचारलं नाहीस. मनगट पुढे केलंस आणि म्हणालीस, "चार मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं. घड्याळ थरथरलं की बदल. पावलं छोटी टाक, लांब ढांगा नकोत." आणि आपण तसेच आलो. चार आणि एक, चार आणि एक. चालायचं मिनिट आलं की तू माझं कोपर धरायचीस आणि पळायचं आलं की सोडायचीस. विठ्ठलवाडीला पूर्वेकडे जरा फटफटलं. दांडेकर पुलावर तू चिक्कीचा शेवटचा तुकडा माझ्या तोंडात घातलास. सणस मैदानाचं फाटक दिसलं तेव्हा घड्याळ चालायचं म्हणत होतं आणि आपण दोघींनी ते ऐकलं नाही.

रविवारी रात्री, तू गेल्यावर, मी पाय उशीवर घेऊन पडले होते आणि एकदम डोक्यात आलं. त्या घड्याळात चार-एकचं गणित तू कधी भरलंस? धावता धावता ते होत नाही. सोळा किलोमीटरवर तू एकही बटण दाबलं नाहीस, नुसतं एकदा टिचकी मारून सुरू केलंस. म्हणजे ते आधीच भरलेलं होतं. शनिवारी रात्री, किंवा त्याच्याही आधी नाशिकला. माझे पाय तुला दिसत नव्हते, पण चालणाऱ्या बाईचा श्वास आणि धावणाऱ्या बाईचा श्वास तुला कळत होता. दोन आठवडे तू "चाललंय ना छान?" विचारत होतीस आणि मी "हो" म्हणत होते, आणि तू ते ऐकून घेत होतीस. मग तू एसटीत बसून माझ्या दुखऱ्या पायानं 21 किलोमीटर जायला आलीस. तू एकटी धावली असतीस तर सव्वादोन तासांत सहज आली असतीस.

हे खरं की नाही ते मला लिहू नकोस. मला कळलंय.

काल निकाल बघितला. माझी वेळ 2 तास 47 मिनिटं 11 सेकंद. तुझी 2 तास 47 मिनिटं 14 सेकंद. शेवटच्या चटईशी तू माझा हात सोडलास तो का, तेही मला तेव्हाच कळलं. त्या तीन सेकंदांचं मी काय करू सांग. मला ते परत करता येत नाहीत.

फिजिओथेरपिस्ट बाईंकडे आज जाऊन आले. त्या रागावल्या, आणि ते बरोबरच होतं. तीन आठवडे धावणं बंद, व्यायाम चालू, चालायला हरकत नाही. या वेळी तुला पहिल्या दिवशीच सांगतेय. सिंहगडावरचं पिठलं-भाकरी राहिलं ते राहिलं, फेब्रुवारीत ये, तोवर गड चढण्याइतका पाय होईल. तुझा निळा टॉवेल आणि मोज्यांची एक जोडी इथे राहिलीय. टॉवेल आईंनी धुवून, घडी करून देवघराशेजारच्या फळीवर ठेवलाय, का ते त्यांनाच माहीत.

उद्यापासून साडेपाचला फोन लावते. तू धाव, मी चालेन, तसं सांगूनच चालेन. एक बदल केलाय तेवढा. आता फोन उजव्या कानात घालणार आहे.

तुझी,
वैजू