‘हा कुठल्या थरातला?’ असं विचारणाऱ्या बाईंना

प्रिय बाई,

बुटांच्या खोक्यात ४३ अमोनाइट, म्हणजे नामशेष झालेल्या समुद्री प्राण्यांचे गुंडाळीदार शंख-जीवाश्म, भरून मी तुमच्या टेबलावर आणून ठेवले होते. सगळे घासूनपुसून लख्ख केलेले, आणि मी शाबासकीची वाट बघत उभा. तुम्ही त्यातला एक उचललात नि विचारलंत, “हा कुठल्या थरातला?” समुद्रकड्याखाली मिळाला, म्हणालो. “कड्यात थर किती?” ते मोजायचे असतात हेच मला ठाऊक नव्हतं. तुम्ही रागावला नाहीत. खणातून एक वही आणि शिसपेन्सिल काढून माझ्या हातात ठेवलीत. त्या वहीचे आभार मानायचे राहून गेले होते, म्हणून हे पत्र. सगळ्यांसमोरच लिहितोय, कारण माझ्यासारखी खोकी घरोघरी असणार.

त्याच खोक्यात एक तुकडा मी वेगळा कापसात गुंडाळला होता. शंखावर नेच्याच्या पानाचा ठसा उमटलाय, आपल्याला मोठा शोध लागला, अशी माझी ठाम समजूत! तुम्ही भिंग पुढे केलंत. “पानं पडली असती तर एवढी ओळीत पडली असती का?” मग समजावलंत. प्राणी राहायचा शेवटच्या कप्प्यात. वाढेल तसा पुढे सरकायचा आणि मागे पडदा घालून जुना कप्पा बंद करायचा. पडद्याची कड जिथे शंखाच्या भिंतीला टेकते तिथे ती चुण्याचुण्यांची असते. शंख विरघळून जातो, आत भरलेला गाळ दगड होऊन उरतो आणि त्यावर ती कड रेघ होऊन दिसते. तीच सीवनरेषा. अमोनाइटांच्या जुन्या नातलगांत, म्हणजे गोनिएटाइटांत, ती साधी नागमोडी, त्यानंतरच्या ट्रायासिक काळातल्या सेराटाइटांत अर्धी दातेरी, आणि पुढच्या अमोनाइटांत थेट नेच्याचं पान. एवढ्या चुण्या कशासाठी, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही, हे सांगताना तुमचा चेहरा फार खुलला होता.

थराचं महत्त्व मात्र मला सावकाश उमगलं. अमोनाइटांच्या जाती भराभर बदलत गेल्या, आणि एकेक जात दूरदूरच्या समुद्रांत पसरलेली असायची. त्यामुळे एका कड्यातला थर दुसऱ्या देशातल्या थराशी जुळवता येतो. जर्मन भूवैज्ञानिक आल्बर्ट ओपेल यांनी १८५६ ते १८५८ या काळात जुरासिक (ट्रायासिकनंतरच्या काळातल्या) खडकांचे विभाग पाडले, ते मुख्यतः अमोनाइटांच्या आधाराने. असे कित्येक विभाग दहा लाख वर्षांहूनही कमी काळाचे आहेत. जुरासिक काळाची सुरुवातसुद्धा ठरवली आहे ती ऑस्ट्रियातल्या कूयोख इथे, प्सिलोसेरास स्पेले हा अमोनाइट पहिल्यांदा दिसतो त्या पातळीवर. हिमालयात स्पितीच्या काळ्या शेलमध्ये, म्हणजे चिखलाच्या पातळ थरांच्या खडकात, अमोनाइट सापडतात, म्हणून तिथे एके काळी टेथिस समुद्र होता याला पुरावा मिळतो. तोच नमुना ठिकाण-थर लिहिलेल्या चिठ्ठीविना कपाटात पडला, तर त्या पर्वताबद्दल अवाक्षर काढत नाही.

घरंगळून आलेल्या नमुन्यापुढे ‘सैल सापडला’ एवढंच लिही, अंदाजाने थर लिहू नकोस, ही तुमची ताकीद. मला ती तेव्हा जाचक वाटली होती. आता वाटतं, चुकीची चिठ्ठी कोऱ्या चिठ्ठीपेक्षा वाईट.

पायराइटच्या (लोह-गंधकाच्या खनिजाच्या) सोनेरी अमोनाइटांचं काय झालं, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. दमट कपाटात ठेवले होते. वर्षभरात पांढरी भुकटी सुटली, आणि त्यातून निघालेल्या आम्लाने खालची चिठ्ठीही खाल्ली. कोरड्या हवाबंद डबीत ठेव, असं तुम्ही दोनदा बजावलं होतंत. उरलेले आता सिलिका जेलसोबत ठेवले आहेत.

इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या व्हिटबीला पूर्वी अमोनाइटांना सापाची डोकी कोरून विकत. संत हिल्डाने सापांचे दगड केले, अशी तिथली दंतकथा; हिल्डोसेरास हे एका अमोनाइटाचं नाव तिच्यावरूनच आलं. तेव्हा हसलो होतो. पण अर्धे कापून आरशासारखे चकचकीत केलेले अमोनाइट विकतात, तेही मला आता त्याच जातीचे वाटतात. सुंदर, पण घरदार पुसलेले. (एक माझ्याकडेही आहे. भेट म्हणून आलेला, टाकवत नाही.)

गेल्या पावसानंतर कड्याच्या नवव्या थरात, खालून मोजलेल्या, एक तळहाताएवढा नमुना जागच्या जागी दिसला. आधी फोटो, मग उंची मोजली, मग परवानगी काढली, आणि सगळ्यात शेवटी छिन्नी. भोवतीचा खडक तासला नाही; त्यात बारीक शिंपले होते. आता तो संग्रहालयात आहे, माझ्या वाकड्या अक्षरातल्या चिठ्ठीसकट.

नेच्याच्या पानाचा तो तुकडा त्या दिवशी तुमच्याच टेबलावर राहिला. परत मागत नाही. फक्त त्याच्या चिठ्ठीवर ‘थर : अज्ञात’ असं लिहा, आणि सापडवणाऱ्याच्या जागी माझं नाव घालू नका.

तुमचा,
खोकेवाला