ग्रंथालय सप्ताह झाला, आता संध्याकाळी कुलूप लावू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या गावच्या वाचनालयात १४ ते २० नोव्हेंबर राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह झाला. पेपरात त्याची बातमी काही दिसली नाही, आणि दिसणार तरी कशी, २० तारीख आली की इफ्फी हा चित्रपट महोत्सव सुरू होतो, २००४ पासून तो पणजीतच आहे, आणि मग आठ-नऊ दिवस पणजीबाहेरच्या गोव्यात काय चाललंय याचं कुणाला काही पडलेलं नसतं. म्हणून म्हटलं आपणच लिहावं. थोडं कौतुक करायचंय आणि एक मागणी आहे.

वाचनालय म्हणजे फार मोठं काही नाही हो. फोंडा तालुक्यातलं गाव, पंचायतीच्या इमारतीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या, मराठी कोंकणी इंग्रजी पुस्तकांची कपाटं, पेपर वाचायला एक लांब टेबल आणि सगळं सांभाळायला एकट्या ग्रंथपाल मॅडम. वेळ सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेपाच, मध्ये जेवणाची सुट्टी, रविवारी बंद. आता सांगा, या वेळेत कोण येणार? कुंडई नाहीतर बेतोड्याच्या फॅक्टरीत जाणारा माणूस सकाळी आठच्या आधी घर सोडतो आणि साडेसहा-सातला परत येतो, कॉलेजची पोरं तशीच, आणि घरातल्या बाईला तर दुपारी भांडी आवरून डोळा लागतो न लागतो तोवर मुलं शाळेतून हजर. त्यामुळे एरवी तिथं पेन्शनर मंडळी आणि शाळा सुटल्यावर बस येईपर्यंत टाईमपास करणारी चार मुलं, एवढीच गर्दी.

पण सप्ताहात कार्यक्रम ठेवले होते संध्याकाळी साडेसहाला. त्यामागे काही मोठा विचार होता असं नाही, बोलणारी माणसं नोकरीवाली, त्यांना दिवसा जमेना, एवढंच कारण. आणि पहिल्याच दिवशी खुर्च्या कमी पडल्या, खालून पंचायतीच्या हॉलमधून आणाव्या लागल्या.

पहिल्या दिवशी बालदिन म्हणून मुलांना गोष्टी सांगणं झालं, ते ठीकच. मग एक दिवस पेन्शनर लोकांसाठी मोबाईलचा क्लास. नोव्हेंबर म्हणजे हयातीचा दाखला द्यायचा महिना, दरवर्षी बँकेत रांग लावायची, आता ते जीवन प्रमाण मोबाईलवरून चेहरा दाखवून होतं पण शिकवणार कोण, घरची पोरं तर 'दे इकडे' म्हणून हातातून फोनच काढून घेतात. इथं कॉलेजच्या मुलामुलींनी एकेकाजवळ बसून, न चिडता, दोन-दोनदा करून दाखवलं. एका आजोबांचा चेहरा काही केल्या ॲप घेईना, तेव्हा ते म्हणाले की मी जिवंत आहे हे बायकोला पटलंय, सरकारला नाही पटलं तर काय करू. ते आजोबा नंतर रोज आले.

सगळ्यात रंगलेली संध्याकाळ मात्र जुन्या कागदांची. कल्पना अशी की घरात पेटीच्या तळाशी पोर्तुगीज काळातले जे कागद पडलेत ते घेऊन या, आपण वाचून बघू. गावात एक निवृत्त मास्तर आहेत, गोवामुक्तीच्या आधी सेगुंद ग्रावची, म्हणजे पोर्तुगीज शाळेची, परीक्षा दिलेले, त्यांना बसवलं मध्ये. काय काय आलं म्हणून सांगू! जमिनीचे एस्क्रितूर म्हणजे खरेदीखतं, कोर्टाच्या नोटिसा, कसल्याशा पावत्या, आणि एकाने तर मोडीतलं बाडच आणलं, ते मात्र कुणालाच लागलं नाही. मास्तर चष्मा सरकवत एकेक ओळ वाचायचे, आधी पोर्तुगीज, मग मराठीत अर्थ, मध्येच कोंकणीत एखादी कोपरखळी. एका घरात जो कागद भाटाचा, म्हणजे बागायतीचा, हक्क म्हणून इतकी वर्षं देवघरात जपून ठेवला होता तो निघाला पणजीआजीचा जन्मदाखला. ते लोक जरा हिरमुसले, पण तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, 'पासपोर्ट जालो रे!' आणि सगळा हॉल हसायला लागला. ज्यांना गोवा माहीत आहे त्यांना यातलं हसू आणि दुखणं दोन्ही कळेल, अशा जुन्या दाखल्यावर पोर्तुगालचा पासपोर्ट काढून लोक परदेशी गेले, आमच्या वाड्यावरचीच कितीतरी घरं त्या दाखल्यापायी आता कुलूपबंद आहेत. त्या रात्री साडेनऊ वाजले तरी कोणी उठेना. मॅडमनी प्रत्येक कागदाचा फोटो काढून, कुणाचा काय ते लिहून ठेवलंय, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

काव्यवाचनाला मराठी आणि कोंकणी दोन्ही कविता झाल्या आणि कुणाचंही भांडण झालं नाही, हे मुद्दाम लिहितोय. बाकीबाब बोरकर दोन्ही भाषांतून लिहीत होते, तेव्हा आम्ही कशाला ओढाताण करा. एक-दोन कविता फारच लांबल्या, पण ते चालायचंच.

आता मागणीचं. सप्ताह संपला आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा साडेपाचला कुलूप. संध्याकाळी आलेली माणसं पुस्तकं बघून गेली होती, कित्येकांनी मेंबर व्हायचा फॉर्म मागितला होता, ती आता कधी येणार? रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला पहिलाच नियम पुस्तकं वापरण्यासाठी असतात हा, आणि तो समजावताना त्यांनी ग्रंथालय कुठं असावं, किती वेळ उघडं असावं याचाच काथ्याकूट केलाय. त्याच वर्षी तमिळनाडूत मन्नारगुडीला बैलगाडीतून पुस्तकं गावोगाव न्यायला सुरुवात झाली होती. आणि आपल्याकडे पुस्तकं गावातच आहेत, कपाटात लावलेली आहेत, पण माणूस कामावरून परत यायच्या आधी दार बंद! पणजीचं मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ सालचं, देशातल्या सगळ्यात जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांत त्याची गणना होते, त्याचा आम्हालाही अभिमान आहे, पण कामावरून आल्यावर पुस्तक बदलायला आम्ही तिथं पणजीला जाणार आहोत का.

कुणी म्हणेल मॅडमनी थांबावं की दोन तास. नाही, हे मला अजिबात मान्य नाही. त्यांना दोन बस बदलून घरी जायचं असतं, साडेसातनंतरच्या बसचा भरवसा नाही, सप्ताहात रोज कुणी ना कुणी त्यांना गाडीवरून सोडत होतं, ते सात दिवस चाललं, वर्षभर कसं चालेल. आणि मानधन वाढवायचं नाही, माणूस द्यायचा नाही, फक्त वेळ वाढवायची, ही आपली नेहमीचीच पद्धत. माझं म्हणणं साधं आहे. आठवड्यातून तीन दिवस वाचनालय दुपारी एक ते रात्री आठ ठेवा, सकाळी बंद राहिलं तरी चालेल, पेपर वाचणाऱ्या पेन्शनर मंडळींना विचारलंय, त्यांची हरकत नाही (एकाची होती, त्यांना शब्दकोडं सकाळीच सोडवायचं असतं). शेवटचे दोन-अडीच तास सांभाळायला पंचायतीने मानधनावर गावातलाच एखादा मुलगा किंवा मुलगी ठेवावी. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांना बसायला जागा नाही ही गावात कायमची तक्रार आहे, त्यांच्यातलंच कुणी हे काम आनंदाने करेल. लाईट जाते म्हणाल तर इन्व्हर्टर खाली पंचायतीत आहेच, एक वायर वर ओढायची.

आता मोबाईल आलाय, वाचनालयात कोण येतं, हे वाक्य आम्हाला मागे ऐकवलं गेलं होतं. सप्ताहात कोण कोण आलं त्याची वही मॅडमकडे आहे, कुणीही बघावी.

१९ डिसेंबरला खास ग्रामसभा आहे. हा विषय त्यात घ्यावा म्हणून आम्ही अर्ज तयार केलाय आणि सह्या चालू आहेत. सह्यांचा कागद बसस्टॉपजवळच्या चहाच्या गाड्यावर ठेवलाय, कारण वाचनालयात ठेवला तर ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय त्यांनाच सही करायला मिळणार नाही.

आपला,
फोंडा तालुक्यातला एक वाचक