एमडीएमए आणि आघातावरचे उपचार: घाई नको, संशोधन हवे

महोदय,

मानसिक आघातानंतर जडणाऱ्या विकारावर (पीटीएसडी) एमडीएमए ('एक्स्टसी' नावाने ओळखले जाणारे अमली द्रव्य) या द्रव्याच्या साह्याने उपचार करण्याची परवानगी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२४ मध्ये नाकारली आणि तिसऱ्या टप्प्याची आणखी एक चाचणी करण्यास सांगितले. सरकारी यंत्रणेने रुग्णांच्या तोंडचा घास काढून घेतला, असा सूर त्यावर उमटला. तो मला पटत नाही. (आपल्या बातम्यांत 'एमडी' म्हणून येणारे मेफेड्रोन वेगळे, गोव्यात पकडले जाते ते एमडीएमए हेच.)

आकडे आशादायक होते, हे मान्य. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १०४ जणांच्या चाचणीत मानसोपचारासोबत एमडीएमए घेतलेल्यांपैकी सुमारे ७१ टक्के रुग्णांना हा विकार असल्याचे निदान पुढे लागू राहिले नाही, तर मानसोपचार आणि निष्क्रिय गोळी मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे ४८ टक्के होते. मात्र कोणाला काय दिले हे रुग्णाला कळता कामा नये, ही अशा चाचणीची मूळ अटच येथे टिकत नाही, कारण या द्रव्याचा अंमल चढला की तो घेणाऱ्याला सहसा कळतोच आणि ज्याला तो चढत नाही त्याचा हिरमोडही निष्कर्षात मिसळतो. त्या प्रशासनाच्या सल्लागार समितीच्या अकरापैकी नऊ सदस्यांना परिणामकारकता सिद्ध झालेली वाटली नाही, ती उगीच नव्हे. त्याहून मला अस्वस्थ करते ती कॅनडातील एका चाचणी केंद्रावर उपचारकाने रुग्णाशी केलेल्या गैरवर्तनाची बाब, जिच्यामुळे आधीच्या टप्प्यावरील तीन शोधनिबंध मागे घेतले गेले. अमलाखालचा, आधीच दुखावलेला माणूस उपचारकाच्या किती हाती असतो, हे त्यातून दिसते.

आणि त्या ४८ टक्क्यांकडे कोणी पाहत का नाही? या द्रव्याविनाही निम्म्याच्या आसपास रुग्ण सावरत असतील, तर प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञांची वानवा असलेल्या आपल्या देशात आधी काय वाढवायला हवे, हे उघड आहे.

म्हणून संशोधन थांबवावे असे नाही. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२३ पासून अधिकृत मनोविकारतज्ज्ञांना या वापराची मुभा दिली आहे. आपला १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदाही वैद्यकीय व वैज्ञानिक प्रयोजनाला वाव देतो. त्या तरतुदीखाली सरकारी संस्थांनी छोट्या, कडक देखरेखीखालील चाचण्या हाती घ्याव्यात आणि त्यांत उपचारकांच्या वर्तनाचीही नोंद ठेवावी.

– एक वाचक, पुणे