कोल्पोस्कोपीच्या सिस्टर, तुमचे आभार

सिस्टर, नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, पण वाचलंत तर नक्की ओळखाल.

पॅप स्मिअरचा, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींच्या तपासणीचा, रिपोर्ट आला तेव्हा आधीच्या ठिकाणी मला एवढंच सांगितलं, "अ‍ॅबनॉर्मल आहे, कोल्पोस्कोपी (गर्भाशयमुख दुर्बिणीतून बघायची तपासणी) करून घ्या." म्हणजे काय, असं विचारलं तर "आत्ता काही सांगता येत नाही." वर सगळ्या बायकांसमोर, "एचपीव्ही पॉझिटिव्ह आहे, मिस्टरांचं काही बाहेर...?" तो अपमान अजून जात नाही. एचपीव्ही या विषाणूमुळे गर्भाशयमुखाचा कॅन्सर होऊ शकतो खरा, पण लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक माणसांना तो कधी ना कधी गाठतोच आणि बहुतेकदा एक-दोन वर्षांत शरीर त्याला आपणच घालवून देतं, हे सांगायला असा किती वेळ लागतो? ते कुणी सांगितलं नाही, म्हणून माझ्या मागे मुलांचं कसं होईल याचा हिशोब मी रात्र रात्र करत बसले.

तुम्ही आधी दार लावून घेतलंत, मग बोललात. स्मिअर म्हणजे निदान नव्हे. पेशींतले बदल कितीदा आपोआप निवळतात, आणि नाही निवळले तरी कॅन्सरपर्यंत जायला सहसा 15 ते 20 वर्षं लागतात, त्याच्या आत उपचार करता येतात. औषध लावायच्या आधी "आता जरा चुरचुरेल हं" म्हणालात. खरंच तेवढंच चुरचुरलं.

पण मला आयुष्यभर आठवेल तो तुमचा फोन. बायॉप्सीचा रिपोर्ट शुक्रवारी यायचा होता. दिवसभर मी मोबाइल हातातून खाली ठेवला नव्हता. संध्याकाळी तुम्ही म्हणालात, "ताई, रिपोर्ट अजून आलेला नाही. लॅबमध्येच उशीर झालाय, तुमचं काही वाईट निघालं म्हणून नव्हे. सोमवारी मी स्वतः बघते." सांगण्यासारखं काहीच नसताना तुम्ही फोन केलात! वाट बघणाऱ्या बाईला निरोप नाही म्हणजे वाईटच बातमी वाटते, हे तुम्हाला कळलं. हे शिकवून येतं का, की मुळातच माणूस चांगलं असावं लागतं? मला वाटतं, माणूसच चांगलं असावं लागतं. त्या रात्री मी झोपले.

रिपोर्ट सीआयएन 1, म्हणजे पेशींतले सौम्य बदल, असा आला. सध्या उपचार नकोत, वर्षभराने पुन्हा तपासणी. तुमची ड्युटी कोणत्या वारी असते ते विचारून त्याच दिवसाची अपॉइंटमेंट घेतली आहे.

तुमची ऋणी,
एक पेशंट