आई-बाबा, ऑपरेशनच्या आधी एमआरआय करून घेऊया

प्रिय आई-बाबा,

बाबा, काल तुम्ही म्हणालात की सोनोग्राफीत लघवीच्या पिशवीत गाठ दिसलीच आहे, मग परत एमआरआयचा खर्च कशाला, सरळ दुर्बिणीचं ऑपरेशन उरकून टाकू. फोनवर मला धड बोलता आलं नाही म्हणून लिहितेय. आई, तू हे त्यांना वाचून दाखव.

सोनोग्राफीत गाठ आहे एवढं कळतं, ती किती खोल गेलीय ते नीट कळत नाही आणि पुढचं सगळं त्या खोलीवरच ठरतं. लघवीच्या पिशवीला आतून अस्तर असतं, त्याच्या बाहेर स्नायूचा थर. गाठ अस्तरापाशीच असेल तर दुर्बिणीतून खरवडून काढतात, गरज पडली तर पिशवीत औषध सोडतात, पण स्नायूत शिरली असेल तर ट्रीटमेंटच वेगळी, केमो, पिशवी काढणं नाहीतर रेडिएशन. एमआरआयमध्ये तो स्नायू काळ्या रेघेसारखा दिसतो, रेघ सलग आहे की गाठीने तोडलीय ते बघून 1 ते 5 असा व्हाय-रॅड्स स्कोअर देतात, 2018 पासून ही पद्धत आहे. 1-2 म्हणजे बहुतेक स्नायूत गेली नाही, 4-5 म्हणजे बहुतेक गेलीय, 3 मधलाच. तुकडा काढून तपासणं काही टळत नाही, पण डॉक्टर आत जातानाच तयारीने जातात.

आणि हे आधीच करायचं, कारण एकदा खरवडलं की तिथे सूज येते, ती फोटोत गाठीसारखीच दिसते, मग किमान दोन आठवडे थांबावं लागतं. ब्रिटनमधल्या ब्लॅडरपाथ अभ्यासात एमआरआय आधी केल्यावर स्नायूत गेलेल्या पेशंटना योग्य ट्रीटमेंट 98 ऐवजी 53 दिवसांत मिळाली. बाबा, पैशांपेक्षा मला हे दिवस जास्त महत्त्वाचे वाटतात.

क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी कशी चाललीय त्या रक्ततपासणीचा रिपोर्ट बरोबर घ्या, फोटो स्पष्ट यावा म्हणून शिरेतून औषध देतात त्यासाठी लागतो. लघवीची पिशवी बऱ्यापैकी भरलेली लागते, पाणी कधी प्यायचं ते सेंटरवाले सांगतील. चांदीचा करदोटा आणि अंगठी घरीच काढून ठेवा. मशीन खूप आवाज करतं, घाबरू नका, त्यात एक्स-रे नसतात. आणि चादरीच्या कारखान्यात तुम्ही इतकी वर्षं रंगखात्यात होतात हे डॉक्टरांना नक्की सांगा, काही रंगांतल्या रसायनांचा लघवीच्या पिशवीच्या कॅन्सरशी संबंध आहे, बिडीचंही लपवू नका.

मी शुक्रवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने येतेय, सेंटरला सोबत मीच येणार. जुने रिपोर्ट एका पिशवीत काढून ठेव आई.

तुमची,
ताई