बाळंतपण पुण्यातच

प्रिय आई आणि बाबा,
शि. सा. न.

काल फोनवर आई गप्प झाली आणि मलाही पुढचं बोलवेना, म्हणून लिहिते आहे. बाळंतपणाला मी देवरुखला येत नाही. इथेच हॉस्पिटलात नाव घातलंय.

बाळाची वाढ छान आहे, हे आधी सांगते. माझं पोटॅशियम ३.५ च्या वर हवं, ते २.७ निघालं. रक्त गाळण्याचं काम किडन्या चोख करतात, ते काम नीट नसलं की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन उत्तम आहे. पण लघवीवाटे मीठ, पोटॅशियम, मॅग्नेशियम वाहून जातं. गिटेलमन सिंड्रोम म्हणतात. गरोदरपणात पोटॅशियमची गरज वाढते, म्हणून आता उघड झालं. फार उतरलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. मग मॉनिटर लावून सलाइनमधून हळूहळू द्यावं लागतं. रात्री-अपरात्री ही वेळ आली तर किडनीचे आणि बाळंतपणाचे डॉक्टर एकाच इमारतीत हवेत. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं असं मलाही फार वाटत होतं गं.

आई, तू विचारलंस, "आमच्याकडूनच आलं का?" तुम्हा दोघांकडून एकेक जनुक आलं. एकट्या जनुकाने त्रास होत नाही, त्यामुळे तुम्हाला कळणार तरी कसं? तू ते मनाला लावून घेऊ नकोस. मला उलट लहानपणचं कितीतरी उलगडलं. कैऱ्या संपल्या तरी मी मिठाच्या बरणीत बोट घालायचे. रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे, तेव्हा बाबा खोबरेल लावून चोळत बसायचे. अजूनही गोळा आला की तोंडातून "बाबा" असंच निघतं.

निखिल दिवसातून तीन वेळा पोटॅशियमचं सिरप पाण्यात घालून देतो, मी पिते. शहाळं, केळं, संत्रं रोज असतं, पण नुसत्या त्यावर भागत नाही. पोळ्यांना मावशी येतात. डोहाळजेवणही इथेच करू, हिरवी साडी तूच आण.

खोकल्याचा काढा मात्र पाठवू नकोस. त्यात ज्येष्ठमध असतं, त्याने पोटॅशियम आणखी उतरतं.

आणि बाबा, माझ्या जोडीने म्हणून तुम्ही शहाळी प्यायची नाहीत. तुमचं क्रिएटिनिन वाढलेलं, त्यात बीपीची टेल्मिसार्टन चालू; तुमचं पोटॅशियम चढण्याची भीती. ते कमी सोडियमचं मीठ आणलंत ना, त्यात पोटॅशियमच घातलेलं असतं. आजच बंद करा. निघण्याआधी रक्त तपासून रिपोर्ट मला व्हॉट्सॲप करा, चुकवू नका.

आठवा लागला की या, चांगले चार महिने राहा. लिफ्ट आहे, कमोड आहे, आईच्या गुडघ्यांना त्रास नाही. बाबांना सकाळी फिरायला तळजाई जवळ आहे. निखिल स्वारगेटला घ्यायला येईल. सामान फार आणू नका, मेतकूट तेवढं आणा. बाबांच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, डिकीत नको.

तुमची,
मनू